लायब्ररीच्या ओसरीवरचा बैल

वर्ध्याच्या कॉलेजात मी आर्वीहून आलो त्या वर्षी आमच्या लायब्ररीत वाचणारा माणूस असा एकच होता, तो म्हणजे लायब्ररीयन. पुण्याकडचे गृहस्थ. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला जणू इस्त्री केलेली. मुलं पुस्तकं वाचत नाहीत याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मुलं ओसरीवर बसायची, गप्पा छाटायची आणि घंटा झाली की निघून जायची.

माझं अक्षर बरं होतं. ते त्यांच्या ध्यानात आलं आणि दारालगतच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोजच्या बातम्या नि नव्या पुस्तकांची माहिती लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "बातमी अर्धीच लिहायची. उरलेली वाचायला मुलं आत आली पाहिजेत."

मग मी लिहीत असे : "इटारसीजवळ मालगाडी रात्रभर उभी. कारण आत वाचा." आत कोणी जात नसे. मुलं कारण चहाच्या टपरीवरच ठरवून टाकत. त्या मालगाडीपुढे म्हणे हत्ती झोपला होता. संध्याकाळपर्यंत हत्तीचं पिल्लूही झालं. खरं कारण इंजिनातलं पाणी संपलं एवढंच होतं, पण ते फक्त लायब्ररीयनांना आणि मला माहीत होतं.

अशात कुणा निवृत्त अधिकाऱ्यानं आपली पुस्तकांची पेटी कॉलेजला दिली. तिच्यात गुरांच्या आजारांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. आमच्याकडे शिकवले जात होते इतिहास, तर्कशास्त्र आणि संस्कृत. पण लायब्ररीयनांना पुस्तकांत डावं-उजवं करणं जमत नसे. त्यांनी मजकूर सांगितला, मी फळ्यावर ठळक लिहिला : "बैल चारा खात नसेल तर काय करावे? उत्तर आत आहे."

तो बाजाराचा दिवस होता. फळा रस्त्यावरून दिसायचा. दुपारी मी ओसरीवर बसलो होतो, तर फाटकातून एक शेतकरी आत आला. डोक्याला पांढरा फेटा, हातात कासरा आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक भला मोठा, उदास बैल.

"बैलाचं उत्तर इथंच हाये का जी?" त्यानं विचारलं. तो जवळच्याच सिंदी मेघे गावचा होता. बाजारात कोणीतरी त्याला फळा वाचून दाखवला होता.

लायब्ररीयन धावत बाहेर आले. "अहो, अहो! जनावर आत आणता येणार नाही!"

"मंग उत्तर बाहेर आना नं, साहेब. परवापासून हा तोंडाले काई लावून नाई राह्यला. सरकीची ढेप ठेवली, हिरवा चारा ठेवला, पाहतसुदिक नाई."

लायब्ररीतलं पुस्तक मागायला आपण होऊन आलेला तो त्या महिन्यातला पहिला माणूस असावा. लायब्ररीयन आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. शेतकऱ्यानं बैल ओसरीच्या खांबाला बांधला. एव्हाना तर्कशास्त्राचा वर्ग अर्धा रिकामा होऊन ओसरीवर जमला होता.

लायब्ररीयनांनी पान काढलं, मनातल्या मनात वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "यास क्षुधामांद्य म्हणतात."

"म्हंजे काय जी?"

"भूक मंदावणे."

"ते तं मले मालूम हाये. म्हणूनच तं आनला."

मुलं हसत सुटली. लायब्ररीयनांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. "प्रथम जनावराची जीभ तपासावी. आपण ती पाहिलीत का?"

"तुमीच पाहा नं साहेब. तुमाले वाचता येते."

उजव्या हातात उघडं पुस्तक धरून लायब्ररीयन एकेक पाऊल टाकत बैलापाशी गेले. "तोंड उघड," ते म्हणाले. मग बहुधा परक्याशी असं बोलणं बरं नाही असं वाटून म्हणाले, "उघडा."

बैलानं त्यांना हुंगलं. मग मान वळवली. बाजूला उतरत्या फळीच्या लाकडी घोडीवर त्या दिवसाचं वर्तमानपत्र पसरून ठेवलेलं होतं. नागपूरहून सकाळच्या गाडीनं येणारा तो एकुलता एक अंक. बैलानं त्याचं टोक जिभेनं ओढलं आणि संथपणे चावायला सुरुवात केली.

"अहो, आजचा अंक आहे तो!" लायब्ररीयन ओरडले.

"खाल्लं!" शेतकरी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडला. "साहेब, खाल्लं! माह्या राजानं खाल्लं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लायब्ररीयन अंक ओढायला पुढे झाले, तर त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. "खाऊ द्या जी. तुमच्या बुकात लय गुन हाये."

वर्तमानपत्र संपवून बैलानं ओसरीवरच्या कुंडीतलं रोपही साफ केलं. शेतकरी पुस्तकाला हात जोडून गेला. लायब्ररीयनांनी रिकामी घोडी फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "फळ्यावर खरं तेच लिहायचं." मी लिहिलं : "आजचा अंक बैलाने खाल्ला. बातम्या उद्या." त्या दिवशी प्रथमच मुलांची रांग लायब्ररीत शिरली. सगळ्यांना उरलेली बातमी हवी होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फाटकात दोन गाई, एक लंगडी म्हैस आणि काही बकऱ्या उभ्या होत्या. एक म्हातारी कोंबडी घेऊन आली होती. लायब्ररीयनांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळून तिची माफी मागितली.

"एवढं जाड बुक अन् कोंबडी नाई?" म्हातारी म्हणाली. "मंग जाड काऊन केलं?"

तेवढ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांची सायकल म्हशीनं अडवली. ते उतरले ते तापलेलेच. "हे कॉलेज आहे की कोंडवाडा?"

एरवी लायब्ररीयन त्यांच्यापुढे मान वर करत नसत. त्या दिवशी मात्र ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे वाचक आहेत."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी वाचकांकडे नीट पाहिलं. एका वाचकानं हंबरून उत्तर दिलं. मग त्यांनाच हसू आवरेना. जनावरं फाटकाबाहेर, मालक ओसरीवर आणि इंग्रजी येणाऱ्या मुलांनी पाळीपाळीनं वाचून मराठीत सांगायचं, असा त्यांनी निकाल दिला.

माझी पाळी आली तेव्हा पंचाईत झाली. इंग्रजी कळलं तर मराठी सुचेना आणि मराठी सुचलं तर समोरच्याला ते पुण्याचं वाटे. शिवाय जवळपास प्रत्येक पान "डॉक्टरला दाखवा" यावरच येऊन थांबायचं. तसं सांगितलं की लोक मुकाट्यानं ढोरांच्या दवाखान्यात जात. तिथले डॉक्टर आधीपासून हेच सांगत होते, पण पुस्तकानं सांगितल्याचं वजन निराळं.

वर्षभरात त्या पुस्तकाची पानं सुटली आणि ते बांधणीसाठी नागपूरला पाठवावं लागलं. लोक येऊन विचारत, "बुकाची तब्येत कशी हाये?" लायब्ररीयन न हसता सांगत, "सुधारते आहे."

पुस्तक परत आलं ते लाल पुठ्ठ्यात. ओसरीवर जमलेल्यांनी ते दुरून पाहिलं आणि माना हलवल्या. हे ते नव्हे. पहिलं काळं होतं. लायब्ररीयनांनी शपथेवर सांगितलं, आतले शिक्के दाखवले, कोणी ऐकेना. शेवटी त्यांनी पुस्तक उघडून एका जाणत्या शेतकऱ्याच्या नाकाशी धरलं. त्यानं डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"हो," तो म्हणाला, "गोठ्याचा वास हाये. तेच हाये. वाचा."