पांढरं वरण वाढणाऱ्या अक्का

कोथिंबिरीची जुडी हातात घेतली की अक्का भाव विचारत नसत, पाणी विचारत. "याव नीरु?" म्हणजे कुठलं पाणी. गाडीवाला विहिरीचं म्हणाला, तर विहीर कुठल्या गावात तेही त्याला सांगावं लागे. एकदा कंटाळून त्याने शहरातल्या एका तळ्याचं नाव घेतलं. त्या तळ्यात कारखान्यांचं पाणी येतं हे आमच्या बसवनगुडीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळे तीच भाजी घेत होते. अक्कांनी जुडी परत ठेवली. "बेडा, नको. आज नुसती आमटी," म्हणाल्या आणि रिकामी पिशवी घेऊन घरात गेल्या.

अक्का आमच्या घरमालकीण. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे कानडी मुलखात येऊन स्थायिक झालेलं. घरात मराठी, पण बोलण्यात स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं, हे कानडी शब्द सारखे यायचे. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं सहायक म्हणून काम केलं होतं. मी नागपूरहून आलेली. नवरा, चार वर्षांची सई आणि मी वरच्या मजल्यावर राहायचो. बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जाऊन येण्यातच माझा जीव निघे, त्यामुळे अक्कांचे पाठ मला नकोसे व्हायचे. भात भरपूर पाण्यात शिजव आणि ते पाणी ओतून दे. कोबीची वरची पानं काढून टाक. रोज भातच नको, दोन दिवस नाचणी कर.

"अक्का, असं बघायला गेलं तर सगळंच विषारी आहे," मी एकदा वैतागून म्हटलं.

"सगळंच विषारी म्हणणारा आणि काहीच विषारी नाही म्हणणारा, दोघंही आळशी," त्या म्हणाल्या. "दोघांनाही काही करायचं नसतं."

मला राग आला. दोन दिवस मी जिन्यात त्यांच्याशी बोलले नाही.

त्याच सुमारास सईचं पोट दुखायला लागलं. भूक गेली, चेहरा फिकट पडला. लोहाच्या औषधाने फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. ते बरंच जास्त निघालं. मी कागद घेऊन खाली गेले आणि अक्कांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडायला लागले.

"स्वल्प थांब. रडायला नंतर वेळ आहे," त्या म्हणाल्या. "आधी तुझे डबे काढ."

गुडघे दुखत असताना त्या जिना चढून आल्या आणि माझ्या ओट्यासमोर जमिनीवर बसल्या. खिडकीचा रंग नखाने खरवडून पाहिला, सईची खेळणी पाहिली, मग मसाल्याचे डबे. हळदीचा डबा उघडून त्यांनी उजेडात धरला. रंग झगझगीत पिवळा होता. मी म्हटलं, "पाण्यात टाकून बघायची का? व्हिडिओत दाखवतात."

"पाण्यात टाकून शिसं कळत असतं, तर मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काय केलं?" हळद, तिखट आणि नळाचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून त्यांनी तपासणीला पाठवलं. पाणी आणि तिखट ठीक निघालं. हळदीत शिसं निघालं.

ती सुटी हळद मी आमच्या मराठी मंडळातल्या एका मसालेवाल्यांकडून आणली होती. सगळेच तिथून आणायचे. रिपोर्ट आला त्यानंतर दोन दिवसांनी मंडळाचा वार्षिक उत्सव होता आणि जेवणासाठी त्यांनीच हळदीचं पोतं दिलं होतं. अक्का मला घेऊन सकाळीच स्वयंपाकाच्या जागी पोचल्या आणि त्या पोत्यावर बसल्या.

कार्यवाह आले. "अक्का, एका डब्याच्या रिपोर्टवरून एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान करायचा?"

"सरी. मग पोतं तुम्ही तपासून घ्या. चांगलं निघालं तर सगळ्यांसमोर त्यांची माफी मागीन. तोवर यातली चिमूटभरही पातेल्यात जाणार नाही."

"शुभकार्यात हळद नाही?"

"देवाला हळद चालते. शिसं चालत नाही. मुलांना तर नाहीच."

मसालेवाले स्वतः येऊन वाटेल ते बोलले. अक्का उठल्या नाहीत. शेवटी आचाऱ्याने हळदीशिवाय फोडणी दिली. पंगतीत लोक हसले. आजाऱ्याचं जेवण, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. अक्कांनी पदर खोचला आणि ते पांढरं वरण स्वतः पानापानात वाढलं, हसणाऱ्यांना जरा जास्तच.

पोत्याचाही रिपोर्ट तसाच आला. माफी कुणी मागितली नाही. मसालेवाल्यांनी मात्र तो माल बंद केला. शिशाचा पिवळा रंग त्यांना हळद विकणारा व्यापारी मिसळत होता म्हणे. अक्का त्या व्यापाऱ्याविरुद्ध अन्नसुरक्षा खात्यात खेटे घालत राहिल्या. आम्ही हळकुंडं आणून दळू लागलो, तीही अक्का आधी तपासून घेत.

काही महिन्यांनी मसालेवाले अक्कांच्या दारात आले. हातात त्यांच्या नातीच्या रक्ताचा रिपोर्ट होता. ती तर जन्मापासून आजोबांच्याच मालातली हळद खात होती. अक्कांनी त्यांना बसवलं, चष्मा लावून कागद वाचला, डॉक्टरांना काय विचारायचं ते एकेक करून लिहून दिलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "एवढं सगळं बोलले होते तुम्हाला."

"पोर काही बोलली नव्हती," अक्का म्हणाल्या आणि नाचणी निवडू लागल्या.

सईचं शिसं हळूहळू उतरत गेलं. नवा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली, पण तो दाखवायला अक्का नव्हत्या. आदल्याच आठवड्यात, दुपारी जरा पडते म्हणून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या भाच्याने कपाट आवरताना खात्याच्या तक्रारीची फाईल माझ्या हातात दिली. शेवटच्या अर्जाखाली सही त्यांची होती, उत्तर अजून आलेलं नव्हतं. त्याखाली मी नवा अर्ज लावला आणि त्यावर माझं नाव लिहिलं.

मंडळाच्या पुढच्या सभेत मी उभी राहिले. उत्सवाचं सगळं धान्य, सगळे मसाले आधी तपासून घ्यायचे, देणारा कितीही मोठा असो, असा ठराव मांडला. कार्यवाह घड्याळ पाहत उठले आणि म्हणाले, "यावर नंतर कधीतरी बोलू."

"नंतर नाही," मी म्हटलं. "आत्ताच बोलू. बसा."

ते बसले.