प्रणालीच्या टँकला उजेड किती लागतो?

जळगावात धूळ आणि किस्से यांना बोलवावं लागत नाही. शटर वर केलं की दोन्ही आपोआप काउंटरवर येऊन बसतात. माझं काचेचं दुकान, शेजारी सुधाकरभाऊंचं इलेक्ट्रिकचं. चहा त्यांच्याकडे आणि त्यांच्या घरच्या भानगडी माझ्याकडे! त्यातून त्यांच्या लेकीनं, प्रणालीनं, समुद्राच्या पाण्याचा छोटा टँक ठेवला तेव्हापासून तर विचारूच नका. टँक मीच जोडून दिला होता, त्यामुळे माझाही जीव त्यात अडकलेला.

पोरगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. मीठ मोजून पाण्यात मिसळते, आणि मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यातून तिनं एक जिवंत प्रवाळ मागवलं. मुठीएवढा दगड आणि त्यातून बाहेर येऊन हलणारी हिरवी बोटं. भाऊंना मात्र बैठकीत त्या जागी शोकेस हवी होती, कारण तिला बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी अट घातली, "हे जगलं तर टँक राहील. मेलं तर शोकेस!"

आता गंमत बघा, हे प्रवाळ जगतं मुख्यतः उजेडावर. आणि बाप दिव्यांचा दुकानदार!

*

"रीफचा, म्हणजे प्रवाळासाठीचा, वेगळा लाईट मागवावा लागेल," प्रणाली म्हणाली.

भाऊंना हे फार लागलं. "माझ्या दुकानात दिव्यांची अख्खी भिंत आहे, आणि माझ्या घरात बाहेरचा दिवा?" त्यांनी दुकानातला पिवळा बल्ब आणून टँकवर लावला. संडासात लावतात तो!

काही दिवसांत बोटं तपकिरी झाली आणि बल्बच्या दिशेनं लांबच लांब ताणली गेली. भाऊंची आई, म्हणजे अक्का, चष्मा पुसून बघायला आल्या.

"पोरी, हाई ते वाळेल वांगं शे! भाजी करानी का?"

*

उजेड कमी पडतोय म्हटल्यावर भाऊ इरेला पेटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडवाला लावतात तो फ्लडलाईट आणला. बैठकीत बसलेला प्रत्येक जण डोळ्यांवर हात धरून बोलू लागला. मे महिना, बाहेर अंगाची लाही, आत हा सूर्य! टँकचं पाणी कोमट झालं. समोरच्या बंगल्यातले काका येऊन विचारून गेले, "कार्यक्रम काय आहे? आम्हाला आमंत्रण नाही?"

प्रवाळानं सगळी बोटं आत ओढून घेतली आणि ते पांढरं पडायला लागलं.

प्रणाली लॅबमधून आली, बघितलं आणि पर्स फेकली. "पप्पा, त्याला उजेड हवाय, वरात नकोय!"

त्या दिवशी ती जेवली नाही. भाऊही जेवले नाहीत, पण कबूल कोण करतो! दुकानात माझ्याकडे येऊन तीनदा विचारून गेले, "मरणार नाही ना रे?" मला काय माहीत? मी काच कापणारा माणूस.

*

तेवढ्यात यावलहून आबा आले. आबा म्हणजे भाऊंचे साडू, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी टँकभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं.

"अहो, टिश्यूकल्चरचं रोप आणलं की थेट उन्हात लावता का? आधी शेडनेट! मग हळूहळू ऊन."

आणि खरंच गाडीतून हिरव्या शेडनेटचा तुकडा काढून टँकवर पांघरला. आम्ही हसलो. पण प्रणाली हसली नाही. "बरोबर आहे आबाकाकांचं," म्हणाली, आणि प्रवाळ तिनं तळाशी नेऊन ठेवलं.

झालं, आबांना चेव चढला! "आता पाण्यातून थोडं एकोणीस-एकोणीस खत सोडू? केळीला फार मानवतं."

पोरगी दोन्ही हात पसरून टँकसमोर उभी राहिली. आबांची गाडी गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत हलली नाही.

*

शेवटी रीफचा लाईट आलाच. भाऊंनी खोकं स्वतः उघडलं, वायर तपासली, "फिटिंग बरं आहे" एवढंच म्हणाले. दिवा निळा. प्रणाली तो आधी अगदी मंद ठेवायची आणि रोज किंचित वाढवायची.

पहिल्याच संध्याकाळी अक्का ओरडल्या, "मना हात निळा व्हई ग्यात! डॉक्टरले बलावा!"

त्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली. भाऊंनी इन्व्हर्टर टँकला दिला आणि अक्कांची मालिका बंद पडली.

"घरमा माणूस कोन शे? मी का तो दगड?"

आम्ही सगळे वाकून दगडाकडेच बघत होतो. बोटं थोडी बाहेर यायची, परत आत जायची. रंग मात्र पांढुरकाच. भाऊंनी शोकेसवाल्याला माप घ्यायला बोलावलं, आणि नंतर दोनदा फोन करून "उद्या या" म्हणून टाळलं.

*

आणि पाहुणे आले. धुळ्याचे. मुलगा, त्याची आई, एक मामा. वजन पडावं म्हणून भाऊंनी मलाही कोपऱ्यात बसवलेलं. ट्यूबलाईट चालू, शेजारी टँकचा निळा दिवाही चालू. प्रणाली पोह्यांचा ट्रे ठेवून समोर बसली.

शिक्षण झालं, नोकरी झाली. मुलाच्या आईनं मान तिरकी करून एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग भाऊंना म्हणाल्या, "तो निळा दिवा जरा बंद करा हो. मुलीचा रंग नीट कळत नाही."

भाऊ लगबगीनं उठले.

"थांबा पप्पा," प्रणाली म्हणाली. ती स्वतः उठली, बोर्डापाशी गेली आणि ट्यूबलाईट बंद केली.

खोली निळी झाली. बाईंची पांढरी पर्स झगझगायला लागली. आणि टँकच्या तळाशी, आम्हाला इतके दिवस पांढुरकी वाटलेली ती बोटं, एकूण एक, हिरवीगार पेटली होती! भाऊ उभ्याचे खाली बसले.

बाईंनी पर्स उचलली. मामांनी चपला शोधायला सुरुवात केली. मुलगा मात्र उठून टँकसमोर वाकला.

"हा रंग मघाशी नव्हता," तो म्हणाला.

"होता," प्रणाली म्हणाली. "उजेड चुकीचा होता."