चार वजनं

तळमजल्यावरच्या त्या लांबलचक गोदामात पाच जण काम करायचे, आणि पाचही जणांना वाटायचं की बाकीचे चौघे आपल्या जिवावर उठलेत. बाइंडरकाकांना तर याबद्दल शंकाच नव्हती. मातीची भांडी करणारी बाई, सुतार, चित्रकार आणि विणकाम करणाऱ्या आजी यांच्यात कुणाचा ब्रश कुणाच्या चहात बुडेल याचा नेम नसायचा. "सामाईक जागा म्हणजे सामाईक डोकेदुखी," असं काका रोज म्हणायचे आणि रोज दहाच्या ठोक्याला हजर व्हायचे.

त्यांची खरी इस्टेट म्हणजे पाच-पाच किलोची चार लोखंडी वजनं. पुस्तकाला पुठ्ठा चिकटवला की ते अख्खा दिवस दाबाखाली राहायला हवं. नाहीतर ओला पुठ्ठा वळतो आणि पुस्तक जन्मभर तोंड वासून बसतं.

काल संध्याकाळपासून दाबाखाली होती आईची वही. आई शेजारपाजारचे कपडे शिवायची, त्या सगळ्यांची मापं तिच्यात होती. काकांची आणि त्यांच्या ताईची तर वर्षागणिक. पानं सुटी झाली म्हणून ताईनं वही भावाकडे दिली, त्याला तीन वर्षं झाली. जगाची पुस्तकं बांधणाऱ्या काकांनी घरच्या वहीला 'आज करतो, उद्या करतो' केलं. आणि आज सहाच्या गाडीनं ताई मुलीकडे कायमची राहायला निघाली होती. वही तिच्या हातात पडायलाच हवी होती.

सकाळी काका येऊन बघतात तर वहीवर एकही वजन नाही. दोन्ही पुठ्ठे वर वळलेले.

"माझी वजनं कुणी उचलली?"

"मी एकच घेतलं," मातीवाली म्हणाली. "तीन होती की मागे!"

"मीही एकच," सुतार म्हणाला. "दोन ठेवली तुमच्यासाठी."

चित्रकारानंही एकच घेतलं होतं, कॅनव्हास ताणायला.

"एकच उरलं होतं," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, उगाच पडलंय."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येकाचा हिशोब बरोबर, आणि वहीचं वाटोळं! सुतारानं सरस लावून वजनाखाली ठेवलेल्या खुर्चीकडे ते तडक गेले.

"काका, आत्ता वजन काढलंत तर सांधा उघडेल हो," सुतार म्हणाला.

काकांचा हात तिथेच थांबला. सांधा उघडणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं, हेच तर दुखणं होतं. मातीवालीनं थापलेली ओली लादीही तशीच दाबाखाली होती. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

त्यांनी पुठ्ठ्यांवर ओलं फडकं फिरवलं, वही दोन फळ्यांमध्ये घातली, जमिनीवर ठेवली आणि वर स्वतः बसले. पासष्ट किलो, घरचेच.

"काका, जेवायला जा, मी बसतो," सुतार दुपारी म्हणाला.

"नको. तू मधेच उठशील."

चिडून चिडून ते दमले. कंबर धरली, पाय बधिर झाले. साडेचारला ताईच दारात उभी राहिली, बॅग घेऊन. भावाला फळीवर बसलेला बघून ती खोखो हसली.

"जन्मभर सांगतेय, एका जागी बस म्हणून. आज बसलास होय!"

काकांनी वही काढून दिली. एक कोपरा अजून किंचित वर होता.

"ताई, अजून रात्रभर दाब हवा गं," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "तीन वर्षं हातात होती, आणि तरी अर्धवटच देतोय बघ."

ताईनं बॅग आडवी केली, वही तळाशी ठेवली आणि वर आपलं सगळं सामान पुन्हा रचलं.

"सगळं घर आहे यात. एवढ्यानं नाही दबली तर तुझ्या वजनांनीही दबायची नाही."

काकांनी बॅग उचलली. खांदा निखळेल इतकी जड होती. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत ते "आडवीच ठेव हं" एवढंच सांगत राहिले.

कुलूप लावायला ते गोदामात परतले. टेबलावर चारही वजनं पुसून, ओळीनं मांडून ठेवलेली होती. दाबायला काहीच उरलं नव्हतं.