हरवण्याची रंगीत तालीम

आमच्या बाईंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा केली नाही. जी केली ती दुसऱ्यांदा. पहिली वेळ कायम तालमीची असायची. स्वातंत्र्यदिनाची तालीम, पोळ्याची तालीम, संक्रांतीला तिळगूळ देताना खरोखर गोड बोलण्याची तालीम. केदारखेड्याच्या पुढे फाट्यावरून आत वळलं की आमची शाळा लागते. तिथे त्या मुख्याध्यापिका होत्या. गावात त्यांचं खरं नाव घेऊन चौकशी केलीत तर लोक डोकं खाजवत. 'तालीमबाई' म्हणा, की माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा.

मी जालन्याच्या मस्तगडातून एसटीने येणारा, कडक इस्त्रीचा नवा मास्तर. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला बैल केलं. पोळा तोंडावर आला होता आणि खरी बैलजोडी सणाच्या दिवशी शाळेच्या दारात येणार होती. "पोरं दोरी ओढतात, जनावर बिथरतं. आधी माणसावर शिकू द्या," बाई म्हणाल्या. माझ्या पाठीवर सतरंजीची झूल आली, कपाळाला कागदी बाशिंग. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो, तर बाई ओरडल्या, "सर, मान खाली! बैल असा सायबासारखा उभा ऱ्हातो का?" मी मान खाली घातली. पोरींनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आणि एकीने तोंडात पुरणपोळी कोंबली. ती मात्र खरी निघाली, तुपासकट. "हिची तालीम न्हाई का?" मी भरल्या तोंडाने विचारलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "खाण्यात लबाडी चालत न्हाई, सर." दुसऱ्या दिवशी खरा बैल माझ्यापेक्षा चांगला उभा राहिला, आणि हे बाईंनी सगळ्या गावासमोर बोलूनही दाखवलं.

आमच्या मराठवाड्यात झेंडा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एकदा जास्त चढतो. मुक्तिसंग्रामाचा सतरा सप्टेंबर आमचा स्वतःचा. म्हणजे बाईंना एक तालीम जास्त. तिरंग्याला तालमीत हात लावायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. तालमीला शाळेतला एक जुना पंचा झेंडूच्या पाकळ्या घालून दोरीला बांधला जायचा. एका वर्षी सरपंच दिवस चुकले. स्टार्चचे कपडे घालून आदल्या दिवशीच हजर झाले, रांगा तयार बघितल्या आणि दोरी ओढली. पंचा उलगडला, पाकळ्या अंगावर पडल्या, आणि सरपंचांनी वर न बघता मुक्तिसंग्रामावर असं जोरदार भाषण ठोकलं की पुढच्या रांगेतली पोरं घाबरली. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या, चहा पाजला आणि मग हळूच सांगितलं, "सरपंच, लई झकास झालं. उद्या हेच करा, फक्त थोडं जल्दी." सरपंचांनी मान वर करून पंचा पाहिला आणि इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवशीचं त्यांचं भाषण आजवरचं सर्वांत चांगलं झालं. तालमीचा गुण, दुसरं काय!

पण बाईंचा खरा जीव सहलीत. सहलीच्या आधी मैदानातल्या लिंबाखाली बाकांची बस लागायची. बसमध्ये खिडकीवरून होणारी भांडणं तिथेच व्हायची. "आजच करून घ्या, उद्या वेळ न्हाई," असं म्हणून बाई ती चालूही करून द्यायच्या. पिशवीत उलटी करण्याचा सराव इतका मन लावून व्हायचा की मलाच मळमळायचं. आणि या सगळ्यावर त्यांचं एक वाक्य होतं. "एक बी पोरगं मागं राह्यलं तर ती सहल न्हाई, नुसती गाडी." आणि नुसती गाडी त्या कधी नेत नसत. सगळे, नाहीतर कुणीच नाही.

गेल्या वर्षी हे वाक्य त्यांच्याच अंगावर आलं. निवृत्तीच्या आधीची त्यांची शेवटची सहल, दौलताबादचा किल्ला. सातवीचा सगळा वर्ग तयार, फक्त पायल सोडून. पायलचे आईवडील हो म्हणत होते, पण त्या घरात शब्द चालायचा तिच्या आजोबांचा, अण्णांचा. आणि अण्णा नाही म्हणत होते. पायल लहान असताना अंगारकीच्या गर्दीत राजूरच्या गणपतीला अण्णांच्या हातून सुटली होती. सापडली तेव्हा ती एका प्रसादाच्या दुकानात फळीवर बसून मजेत पेढा खात होती. पोरगी ते केव्हाच विसरली. अण्णा विसरले नाहीत. तेव्हापासून गर्दी म्हटली की ते तिचं मनगट धरायचे, घरातल्या घरात पाहुणे जास्त झाले तरी.

बाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. दाराआड पायल भरलेलं दप्तर पोटाशी धरून उभी.

"बाई, तुमच्यावर भरोसा हाय," अण्णा म्हणाले. "गर्दीवर न्हाई. किल्ल्यावर पोरगी हरवली मंग?"

मला वाटलं, बाई आता शपथा घेतील. बाई म्हणाल्या, "हरवंल की."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोठ्यातल्या म्हशीकडे पाहिलं.

"माणूस हरवतंच, अण्णा. पण हरवल्यावर काय करायचं, ह्याची तालीम कधी घेतली का आपण? सोमवारी बाजारात या. तुमच्यासमोर हरवून दाखवते."

सोमवारी आमच्या गावचा बाजार. बाईंनी सातवीची पोरं एकेक करून गर्दीत सोडून दिली. नियम एकच. हरवलं की हलायचं न्हाई. आहे तिथं उभं राहायचं, उजवा हात पुढे करायचा आणि शाळेतली प्रतिज्ञा म्हणायची, पहिल्या ओळीपासून, घसा फाडून. "रडताना लेकराला नाव-गाव सांगता येत न्हाई," बाईंनी अण्णांना समजावलं, "पण प्रतिज्ञा झोपेत बी येती." आणि काय सांगू महाराज! कांद्याच्या ढिगाआडून प्रतिज्ञा, बांगडीवाल्याच्या मागून प्रतिज्ञा, भज्याच्या गाड्यापाशी प्रतिज्ञा. अर्धा बाजार सवयीने सावधान उभा राहिला. भजी करपली. अण्णा कान टवकारून गर्दीत घुसले आणि मिरच्यांच्या पोत्यांपाशी पायलचा आवाज बरोबर हुडकून काढला.

"अजून एकदा हरव गं," ते म्हणाले.

ती पुन्हा हरवली. पुन्हा सापडली. अण्णांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या तिला. पण मी बी येतो."

"या की," बाई म्हणाल्या, "मुख्य पाहुणे म्हणून या. पण तुमची तालीम राह्यली."

"मी काय लेकरू हाय?"

किल्ल्याच्या दारापर्यंत अण्णांनी पायलचं मनगट सोडलं नाही. आत शिरल्यावर मात्र चांदमिनार बघायला त्यांनी मान वर केली, टोपी पडू नये म्हणून ती धरायला हात वर नेला आणि मनगट सुटलं. भारतमाता मंदिराच्या पटांगणात बाईंनी डोकी मोजली. पोरं सगळी होती. अण्णा नव्हते.

बाईंचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. याची तालीम झाली नव्हती. पायल रडवेली होऊन पळत सुटणार, तोच बाईंनी तिची वेणी धरली. "हलायचं न्हाई. ऐक."

सगळे कान देऊन उभे राहिले. वारा, माकडं, एका फेरीवाल्याची पिपाणी. आणि मग किल्ल्याच्या दारापाशी मांडलेल्या तोफांच्या बाजूने, चिरका पण ठणठणीत, अण्णांचा आवाज. प्रतिज्ञा!

आम्ही धावलो. अण्णा ताठ उभे, उजवा हात पुढे, डाव्या हातात टोपी. आणि त्यांच्यापुढे कुठल्यातरी दुसऱ्याच शाळेची सहल, रांगा करून, हात पुढे करून, एकेक ओळ त्यांच्यामागून म्हणत होती. अण्णा शेवटाला आले, इकडेतिकडे पाहिलं, न्यायला कुणी आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती पोरंही पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे मास्तर घाम पुसत माझ्या कानाला लागले, "साहेब, कुणी मोठे अधिकारी आहेत का?"

"मुख्य पाहुणे आहेत," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

पायलने जाऊन अण्णांचं मनगट घट्ट धरलं. "अण्णा, सापडले तुम्ही."

अण्णांनी प्रतिज्ञा पुरी केल्याशिवाय हात खाली घेतला नाही. मग टोपी डोक्यावर ठेवत बाईंना म्हणाले, "बराबर हाय, बाई. बिलकुल काम करतंय हे." परतीच्या वाटेवर अण्णा पुढच्या सीटवर एकटे बसून घोरत होते, आणि पायल पार मागे, मैत्रिणींच्या घोळक्यात, खिडकीपाशी. राजूर आलं तेव्हा अण्णांनी डोळे उघडले, देवळाच्या दिशेने हात जोडले आणि मागे वळून न बघता पुन्हा झोपले.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी बाईंनी निरोपाची तालीम ठेवली. आम्ही हसत हसत बसलो. पहिल्याच भाषणाला पायल रडली, मग वर्ग रडला, मग सरपंच, मग अण्णा, आणि मी तर उठून हातपंपावरच गेलो. बाईही पदर तोंडाला लावून मनसोक्त रडल्या. "रडणं आजच उरकून घ्या," त्या नाक पुसत म्हणाल्या, "उद्या फोटो हायेत." त्या फोटोंत सगळे दात काढून हसताहेत. अण्णांच्या तर हातात जिलेबी आहे.

बाई आता राजूरला राहतात. शाळा माझ्या ताब्यात आली. या वर्षी चौदा ऑगस्टला पंचा बांधला, पोरं रांगेत उभी केली, आणि मला पुढचं काही सुचेना. आधी गीत की आधी पाहुणे, पाकळ्या पुरेशा घातल्या का, हे सगळं आजवर त्यांनाच माहीत असायचं. पोरं माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. बाईच.

"काय करून राह्यलात, सर? तालीम सुरू झाली का?"

फोन डाव्या हातात धरला, उजवा हात पुढे केला, आणि घसा फाडून प्रतिज्ञा म्हणायला लागलो. मागून सगळी शाळा म्हणायला लागली.

पलीकडे बाई खदखदून हसल्या.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "येऊन राह्यले मी."