कुरडयांवरची काजळी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो म्हणेल, "एवढंच?" — आणि त्या "एवढंच"चीच मला भीती वाटते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मध्येच उठून चहा टाकायलाही जाणार नाही.

मी मूळची कसब्यातली. लग्नानंतर हिंजवडीत फ्लॅट घेतला, दोघांची कंपनी जवळ म्हणून. तेव्हा तिथे आमची एकुलती एक बिल्डिंग आणि चहूकडे ज्वारी. बिल्डिंगही ज्वारीच्याच रानावर उभी — हौसामावशींच्या. रान गेलं, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून घराचा तुकडा तेवढा राहिला. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, कोपऱ्यात चूल.

त्या काळात लाईट जायची. दुपारी जायची, संध्याकाळी जायची, लहर आली की जायची. आणि गेली की मी तडक मावशींच्या अंगणात. मुलगी त्यांच्या मांडीवर, मी भिंतीला टेकलेली, चुलीवर भाकरी. काय बोलायचो? काही नाही हो. कुणाची म्हैस व्याली, माझी सासू काय म्हणाली. तव्यावरची पहिली भाकरी मावशी माझ्या हातात द्यायच्या. माझ्या आईनंही माझे एवढे लाड केले नाहीत — आमच्याकडे लाड म्हणजे त्या दिवशी बोलणी न खाणं. त्या अंगणासाठी माझा जीव अजून तुटतो. आता लाईट जात नाही. गेली तरी कळत नाही. आणि मला वाटत राहतं, एकदा जावी, आणि खाली उतरले की मावशी तिथे असाव्यात.

मग सोसायटीनं जनरेटर आणला. बिल्डिंगभर पेढे वाटले — हसू नका, खरंच वाटले. पण धूर यायचा तो नेमका माझ्या बेडरूमच्या खिडकीत. मुलगी खोकायला लागली. मी खाली गेले आणि मिस्त्रीला सांगितलं, पाइपचं तोंड फिरव. त्यानं विचारलं, कुठे? गच्चीपर्यंत नेता आला असता की! पण त्यासाठी मीटिंग लावा, चार जणांची मनधरणी करा... मी भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे कोण राहतं, हे मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. मला होतं.

पण मला सांगायचंय ते हे नव्हे. म्हणजे, हेही आहेच — पण हे कुणालाही सांगता आलं असतं. मुलीसाठी केलं म्हटलं की लोक मान डोलावतात.

त्या चैत्रात मावशींनी आणि मी मिळून कुरडया घातल्या. गहू त्यांनी भिजवले, चीक त्यांनी शिजवला, मी नुसता सोऱ्या फिरवला आणि दमले. दुपारी लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, मी घरी पंख्याखाली झोपले. उठून अंगणात गेले तर सगळ्या कुरडयांवर काजळी. मावशी उकिडव्या बसून पदरानं एकेक पुसत होत्या, आणि पुसताना ती आणखीच पसरत होती. मला बघून चेहरा पडला तो त्यांचा.

"माज्याच चुलीचा धूर बसला गं पोरी. तुज्या वाटणीच्या पन काळ्या केल्या म्या."

चूल सकाळीच विझली होती. जनरेटर भिंतीपलीकडे अजून धडधडत होता. तरी त्यांना कसं कळलं नाही? — कारण आमचे चेअरमन दोनदा येऊन त्यांना चुलीच्या धुरावरून सुनावून गेले होते. धूर म्हटला की तो आपलाच, हे आम्हीच त्यांच्या मनात भरवलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "असेल, मावशी. जाऊ द्या."

जाऊ द्या! वर मोठेपणाही माझाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल आत नेली. पत्र्याखाली, जिथे साधी खिडकी नव्हती. मी दोन-चारदा गेले, डोळे चुरचुरले, परत आले. घरात आता दिवे होतेच. जाणं सुटलं. जनरेटर बंद असला की भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

पुढे कंपनीत पर्यावरण दिनाला मी भाषण केलं. गरीब देशांतल्या बायकांना चुलीच्या धुराचं भान नसतं, म्हणाले. टाळ्या पडल्या.

मावशी नंतर लेकीकडे मुळशीला गेल्या. छाती धरलीय असं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले — सांगायलाच गेले होते, देवाशपथ. त्यांनी माझा हात धरला आणि लेकीला म्हणाल्या, "हिचं वाळवण म्या नासवलं, पन ही चकार शबूद बोलली न्हाई. लई गुणाची हाय."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं, त्यांच्या दुखण्यानं रडतेय. त्यांनीच माझे डोळे पुसले. मी चहा प्यायले, पाया पडले आणि घरी आले.

दिवाळीआधी त्या गेल्या. माझ्याबद्दल त्यांचं मत शेवटपर्यंत चांगलंच राहिलं.