सलोख्याच्या चौकातली आंघोळ

मधुबुवा आचारी पॅरिस पाहून आले ते त्यांच्या सोवळ्यामुळे. नागपुरात, महाल भागात, कुणाचं लग्न असो की श्राद्ध, चुलीपाशी मधुबुवाच लागत. त्यांच्या हातचं खायला सगळी पंगत तयार, कारण बुवांचं सोवळं इतकं कडक की त्यांची सावली ओलांडायलाही मांजर कचरायचं. त्यावरच त्यांचं घर चालत होतं. दुसरं येत होतं काय त्या माणसाला? काहीच नाही.

सन एकोणीसशेचा उन्हाळा. विहिरींनी तळ दाखवला होता, पेठेत दाणा मिळत नव्हता, आणि नरखेडकडची कुळं सरकारी कामावर खडी फोडत होती. त्या कुळांचे मालगुजार वामनराव हे सगळं पाहून पाहून थकले. थकणारच बिचारे! त्यांनी ठरवलं की हवापालट म्हणून पॅरिसचं मोठं प्रदर्शन पाहून यावं.

आता समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडणार. वामनरावांनी गावातल्या थोर शास्त्रीबुवांना विचारलं. शास्त्रीबुवांनी आधी कानांवर हात ठेवले. मग समोर शालजोडी आली, आणि कानांवरचे हात शालीवर गेले. त्यांना एकदम आठवलं की आपला ब्राह्मण आचारी बरोबर नेला, त्याच्याच हातचं खाल्लं आणि परतल्यावर प्रायश्चित्त घेतलं, तर शास्त्राची तशी काही हरकत नाही.

आचाऱ्याचं पुढे काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं फक्त त्याच्या बायकोनं.

"मालकाचं शास्त्रीबुवा पाहून घेतील. तुमचं काय?" सत्यवती म्हणाली. "उद्या तुमच्या हातचं कोणी खाल्लं नाही तर आपण काय करायचं?"

"काहून नाही खाणार वं? तिथल्या एका गोऱ्याचाही विटाळ होऊ देणार नाही मी. जसा जातो तसाच येतो, पाहून घे."

आणि गडी शब्दाचा पक्का निघाला, हीच तर पंचाईत झाली. बोटीवर बुवा आपली शेगडी घेऊन कोपऱ्यात बसले. पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकाला मनाई, म्हणून मागच्या घोड्यांच्या पागेत वरणभात शिजू लागला. नळाच्या पाण्याचं त्यांना वावडं नव्हतं. नागपुरातही अंबाझरीचं पाणी नळानंच येत होतं. पण भांडी हॉटेलात ठेवली तर कोण शिवेल याचा नेम नाही, म्हणून पितळेची भांडी, तांदूळ, डाळ, हळद आणि तुपाचा डबा असं सगळं गाठोडं पाठीवर घेऊन हा माणूस वामनरावांच्या मागे मागे पॅरिस पाहत फिरला.

एक दिवस वामनराव त्यांना तिथल्या नामांकित चौकात घेऊन गेले. बरोबर मुंबईचा एक पारशी दुभाष्या होता. चौक कसला, मैदानच ते! मधोमध मिसर देशातून आणलेला उंच दगडी खांब, दोन्ही बाजूंना थुईथुई उडणारी कारंजी, कडेनं शहरांच्या नावानं बसवलेल्या बायांचे भले थोरले पुतळे आणि जिकडेतिकडे घोडागाड्या. प्रदर्शनाचा मोठा दरवाजाही तिथूनच. बुवा कारंज्याकडे पाहत उभे राहिले. गावी लोक गढूळ घागरीसाठी भांडतात अन् इथे पाणी हवेत उडवून राहिले! त्यांना राग आला, आणि रडूही आलं.

"या चौकाचं नाव सलोख्याचा चौक," पारशी म्हणाला. "हितेच फ्रेंच लोकांनी आपल्या राजाचं मुंडकं उडवलं. मग राणीचं."

सलोखा म्हणतात तो हा! बुवा दोन पावलं मागे सरले. तरी त्यांनी मनाची समजूत घातली, शंभर वर्षं झाली, विटाळ फिटला असेल. तेवढ्यात त्यांची नजर एका पुतळ्यावर गेली. त्या बाईच्या अंगावर काळं कापड, गळ्यात आणि पायाशी सुकलेली फुलं.

"हे काय?"

"ही ज्या गावाच्या नावाची, ते गाव जर्मनांनी घेतलं ना, लढाईत. म्हणून तिचं सुतक पाळतात. तीस वर्षं झाली."

"अजून फिटलं नाही?"

"अजून नाही."

संपलं! आपल्याकडे दहा दिवसांत मोकळे होतात. या लोकांनी तीस वर्षं सुतक धरलंय, आणि आपण त्या सुतकात शिजवायची भांडी घेऊन उभे! आता या हातांनी मालकांना भात वाढायचा कसा? बुवा वळून मालकांना विचारायला गेले, तर मालक जाग्यावर नव्हते. ते पारशाला घेऊन, जरा ऊन लागतंय म्हणत, समोरच्या हॉटेलात शिरले होते.

मग बुवांनी शास्त्राला धरून जे करायचं ते केलं. पंचा सावरला, गाठोड्यासकट कारंज्यात उतरले आणि गंगेचं नाव घेऊन डुबकी मारली.

पोलीस धावला. त्यानं बुवांचं मनगट धरून बाहेर ओढलं. पण पोलिसाचा स्पर्श झाला की नाही? मग बुवा हात सोडवून पुन्हा पाण्यात. पोलिसानं पुन्हा धरलं, बुवा पुन्हा पाण्यात. तो बिचारा या माणसाला वाचवू पाहत होता, आणि जितकं वाचवावं तितका हा बुडत होता. भोवती ही गर्दी! मडमा टाळ्या पिटू लागल्या. त्यांना वाटलं, प्रदर्शनातलाच हिंदुस्थानी खेळ आहे. कुणी तर पाण्यात नाणी फेकली. बुवांनी नाण्यांना बोट लावलं नाही. देवाच्या नावानं टाकली असतील, आपण काहून उचलायची?

शेवटी पारशी आला, त्यानं कशीबशी समजूत घातली आणि पोलिसानं नाद सोडला. मागून वामनराव आले. त्यांच्या मिशीला पिवळं लागलं होतं. आता पॅरिसात हळद होती ती एकट्या बुवांच्या गाठोड्यात, आणि ते गाठोडं तर भिजून चिंब झालं होतं. बुवांना काय ते समजलं. पागेत जाऊन त्यांनी भात टाकला. मालकांनी भूक नाही म्हणून दोन शितं चिवडली.

नागपुरात परतल्यावर वामनरावांनी थाटात प्रायश्चित्त घेतलं, शास्त्रीबुवांना दुसरी शाल दिली आणि ओसरीवर बसून पॅरिसच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. सगळ्यांत रंगायची ती कारंज्याची गोष्ट. "अहो, आमचा मधू! मडमांच्या देखत आंघोळ करून राहिला!" ओसरी हसून लोटपोट व्हायची. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. मोठ्या लोकांना हेतू लागतोच कशाला?

हसता हसता कुणीतरी म्हणालं, म्हणजे गोऱ्यांच्या पाण्यात बुडाला? पोलीस शिवला? आणि बुवांची आमंत्रणं बंद झाली. आधी एक मुंज गेली, मग एक लग्न. सत्यवतीनं दुसऱ्यांच्या घरी दळण धरलं.

बुवा हात जोडून शास्त्रीबुवांपुढे उभे राहिले. वामनराव शेजारीच लोडाला टेकून बसले होते.

"मी काही खाल्लं नाही, प्यायलो नाही. शिवाशीव झाली तशी डुबकी मारली. माझा दोष काय?"

"दोष नाही? मग प्रायश्चित्त कशाचं देऊ?" शास्त्रीबुवा म्हणाले. "वामनरावांनी कबूल केलं की प्रवासात कळत नकळत काही खाल्लं असेल. ते शुद्ध झाले. तू म्हणतोस मी काही केलंच नाही. केलं नाही म्हणणाऱ्याला शुद्ध करायचं कसं? आणि शुद्ध न झालेल्याच्या हातचं लोकांनी खायचं कसं?"

म्हणजे ज्यानं खाल्लं तो पवित्र, आणि ज्यानं नाही खाल्लं तो बाटलेला. यावर वामनरावांनी मान डोलावली. शास्त्रार्थ त्यांना फार आवडला होता.

घरी सत्यवतीनं सगळं ऐकून घेतलं. तिचे हात जात्यानं सोलले होते.

"म्हणून टाका ना खाल्लं म्हणून," ती म्हणाली.

"अवं, पण मी खाल्लं नाही!"

"मले माहीत आहे. मले माहीत आहे, देवाले माहीत आहे. बाकीच्यांले चूल पेटवायला माणूस पाहिजे."

बुवा रात्रभर जागे राहिले. आयुष्यभर जे जिवापाड जपलं ते आता आपल्याच तोंडानं बुडवायचं, या विचारानं त्यांना हुंदका आवरेना. पण सकाळी ते गेले आणि भर सभेत म्हणाले, "चुकलो. अंडं खाल्लं."

काय आनंद झाला सगळ्यांना! बुवांना पंचगव्य पाजलं, डोईचे केस उतरवले, आणि वामनरावांनी मोठ्या मनानं खर्च दिला. आठवड्यात त्यांच्याच घरी पंगत ठरली, चुलीपाशी मधुबुवा. जिलबी अशी उतरली की वाढप्यांना उसंत मिळेना.

बुवा स्वतः तूप वाढत निघाले. शास्त्रीबुवांच्या पानाशी वाकले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांचं उपरणं धरून हळूच जवळ ओढलं. डोळे चमकत होते.

"मधू, खरं सांग. कसं लागतं रे ते?"

बुवांनी तुपाची धार थांबवली आणि ताठ उभे राहिले.

"ते मालकांले विचारा," ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "खाल्लं त्यांनी. मी नुसतं प्रायश्चित्त घेतलं."

पंगतीतले हात जिथल्या तिथे थांबले. वामनरावांचा घास तोंडापाशी राहिला. बुवांना वाटलं, आता उठतील, पानं सोडून उठतील.

मग खालच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, इकडे जिलबी आणा ना!" आणि सगळे पुन्हा जेवू लागले.