मागचा सहावा दिवा

भोरहून वेल्ह्याला निघालेल्या सात मोटारसायकलींची यादी माझ्याकडे होती, म्हणून मी सर्वांत पुढे होतो. खिंडीत पाऊस आणि दाट धुकं लागलं. खाली उतरल्यावर मी आरशात मागचे सहा दिवे मोजले आणि न थांबता विंझर गाठलं. तिथे शेवटची गाडी आली ती कॅन लावलेल्या दूधवाल्याची.

"तुमचा गडी वर पंक्चर होऊन बसलाय," तो म्हणाला. "सांगाया लई हारन दिला. तुमी थांबताय कुठं?"

पंक्चरचं सामान माझ्याच पिशवीत होतं. मी एकटाच परत वर गेलो. मित्र वळणावर कुडकुडत उभा होता.

"मोजलं नव्हतंस?"

"मोजलं. सहा भरले."

"पुढच्या वेळी थांबून तोंडं बघ," तो म्हणाला आणि माझ्या हातातला पंप घेतला.